जवळचा रस्ता पाण्याखाली

तारीख : ऑक्टोबरमधला दुसरा रविवार. वेळ : सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. ठिकाण : शेंडी, भंडारदऱ्याच्या धरणाजवळ.

हजर : मी. गणिताच्या बाई, वय एकसष्ट, आमच्या शाळेतून निवृत्त. बँकेतले साहेब, वय बावन्न, आमच्या शेजारच्या इमारतीतले. आमचे हे, जीप चालवायला. सायकली तीन, जीप एक. गैरहजर कोणी नाही.

ही नोंद माझ्या वहीत अशीच आहे. मी शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते. चंचुपात्रं, परीक्षानळ्या, आम्लाच्या बाटल्या, सगळ्याची यादी ठेवायची सवय तिथे लागली आणि हळूहळू घरी आली. सायकल घेतली तेव्हा तिच्याबरोबर एक वहीही घेतली.

नगरला समुद्र नाही. तरी आम्ही तिघांनी डिसेंबरात कोकणात सायकली न्यायचं ठरवलं होतं. हर्णैपासून दक्षिणेला, किनाऱ्याच्या रस्त्याने गणपतीपुळ्यापर्यंत. तो रस्ता सारखा चढतो आणि सारखा उतरतो. प्रत्येक डोंगराच्या टोकावर समुद्र दिसतो आणि प्रत्येक उतारावर एक गाव लागतं. कल्पना बाईंची होती. जानेवारीत त्या नगरचं घर बंद करून लेकीकडे भोपाळला राहायला जाणार होत्या. भोपाळला गेल्यावर कोण नेणार मला समुद्रावर, असं त्या म्हणायच्या. लहानपणापासून त्यांनी समुद्र पाहिला होता तो उभं राहून. त्यांना तो दिवसभर शेजारी चालताना हवा होता.

अडचण जीपची होती. डिसेंबरात ह्यांना रजा नव्हती. म्हणजे थकलं तर बसायला मागे गाडी नाही. म्हणून मी नियम केला : आधी भंडारदऱ्याला धरणाच्या पाण्याभोवती पूर्ण फेरी मारायची. चढ आहेत, वळणं आहेत, डाव्या हाताला सतत पाणी आहे. आपल्या जिल्ह्यात कोकणकिनाऱ्याच्या रस्त्याशी मिळतंजुळतं एवढंच. आणि जो या फेरीत जीपमध्ये बसला, त्याचं नाव डिसेंबरच्या यादीतून कमी. नियम वाचून दाखवला तेव्हा बाईंनी नुसती मान हलवली. त्यांचा उजवा गुडघा कसा आहे ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

आता एक गोष्ट सांगते, जी मी तेव्हा कोणाला सांगितली नव्हती. मे महिन्यात मी आणि हे जीपने ही फेरी बघून आलो होतो. रतनवाडी सोडल्यावर, मुतखेलच्या अलीकडे, पाण्याचा एक लांब हात डोंगरात शिरतो. वहीत मी त्याला खाडी म्हटलं आहे. डांबरी रस्ता त्या खाडीला वळसा घालताना बराच वर चढतो आणि मग खाली येतो. नुसता चढच चार किलोमीटर. पण मे महिन्यात खाडीचा तळ कोरडा होता आणि त्यातून एक कच्चा रस्ता सरळ पलीकडे जात होता. मोटारसायकली जात होत्या, मी स्वतः चालून बघितला. दहा मिनिटांत पलीकडे. मार्गपत्रकात मी तो घातला. खुणा लिहिल्या : एकटं वाळकं झाड, दगडी बांध, वालाची शेतं, डावीकडे उतार. चार किलोमीटरचा चढ वाचला की बाईंचा गुडघा टिकेल आणि त्यांचं नाव यादीत राहील, असा माझा हिशोब होता.

निघायच्या आधी बाईंनी डोळे मिटून दोन मिनिटं प्रार्थना केली.

"आज चर्च बुडवलंत," साहेब म्हणाले.

"कळवून आलेय. म्हटलं, आज हजेरी डोंगरावरून घ्या." त्यांनी हेल्मेटचा पट्टा लावला. "तुमची कधी लागली होती शेवटची?"

साहेब हसले आणि पुढे निघाले.

मुरशेतपर्यंत धुकं होतं. पाणी दिसत नव्हतं, पण आहे हे कळत होतं. डाव्या गालाला गार आणि उजव्या गालाला कोरडं वाटत होतं. भाताच्या खाचरांतून पिकायला आलेल्या साळीचा वास येत होता. मग एका वळणावर धुकं जणू कोणी एका टोकाला धरून उचललं आणि खाली सगळं उघडं पडलं. पाणी काठोकाठ. त्यात पलीकडचा रतनगड उलटा, त्याच्या माथ्यावरच्या नेढ्यासकट, कातळातल्या त्या आरपार भोकासकट. काठाच्या उतारावर सोनकी फुललेली, तीही पाण्यात पिवळी उतरलेली. कुठे किनारा संपतो आणि कुठे त्याचं प्रतिबिंब सुरू होतं ते बघून सांगता येत नव्हतं. मी हँडलवर चिकटवलेल्या कागदाकडे बघितलं. त्यावर लिहिलं होतं : "वळण, उजवीकडे हातपंप." हातपंप होता. बाकीचं काहीच कागदावर नव्हतं.

आम्ही तिघं न ठरवता थांबलो. एवढ्या बोलक्या साहेबांनीही फोन काढला, परत खिशात ठेवला.

"हे काय, फोटो नाही?" मी विचारलं.

"येणार नाही त्यात," ते म्हणाले.

बाईंची चढण्याची एक पद्धत आहे. त्या चढ किलोमीटरात मोजत नाहीत, पाढ्यांत मोजतात. उजव्या पायाच्या दहा फेऱ्या झाल्या की पाढ्यातला एक आकडा. छोट्या चढाला तेराचा पाढा पुरतो. मोठा चढ आला की एकोणतीसपासून सुरुवात करून खाली उतरत यायचं : एकोणतीस, अठ्ठावीस, सत्तावीस. पाढे त्यांना वडिलांनी शिकवले, सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेताना. तीस वर्षं वर्गात त्यांनी तेच केलं, फक्त सायकल नव्हती. उडदावण्याच्या पुढचा चढ त्यांनी बावीसच्या पाढ्यावर संपवला आणि वर येऊन पाणी प्यायल्या. गुडघ्याला हात लावला नाही, हे मी बघितलं.

घाटघरला ह्यांनी जीप लावून स्टोव्हवर चहा ठेवला होता. बाईंनी आणलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि कड्यापर्यंत चालत गेलो. घाटघरला जमीन संपते. इतकं सरळ लिहिलेलं बरं, कारण दुसरं काही लिहायला गेलं की कमी पडतं. पायापुढे गवताची एक पट्टी, त्यापुढे हवा, आणि खूप खाली कोकण. खालची झाडं शेवाळासारखी दिसत होती. ढगाचा एक पुंजका आमच्या पायांच्या खालून सावकाश चालला होता आणि त्याची सावली त्याच्याही खाली, शेतांवरून. घार आम्हाला पाठीकडून दिसत होती. मी घार कधीच वरून बघितली नव्हती. तिच्या पंखांवर ऊन पडलेलं असतं हे तोवर लक्षात आलं नव्हतं.

"समुद्र कुठे?" बाईंनी विचारलं.

"त्या धुरकट पट्टीच्या पलीकडे असणार," हे म्हणाले. "इथून दिसत नाही."

बाई त्या पट्टीकडे बराच वेळ बघत राहिल्या. मी घड्याळ बघितलं. आम्ही सतरा मिनिटं मागे होतो. पहिल्यांदाच मी ते बोलले नाही.

साम्रदवरून रतनवाडीला आलो. देवळाच्या कोरीव दगडावर ऊन चढलं होतं आणि कुंडातलं पाणी हिरवंगार होतं. मी यादीप्रमाणे बाटल्या भरल्या, टायर दाबून बघितले. हे डांबरी रस्त्याने पुढे जाऊन खाडीच्या पलीकडे थांबणार होते. जवळच्या रस्त्याने आम्ही त्यांच्या आधी पोचलो तर चहा त्यांनी पाजायचा, अशी पैज लागली.

वाळकं झाड सापडेना. मी तीनदा कागद बघितला, दोनदा मागे गेले. शेवटी कच्चा रस्ता मिळाला, डांबराला फुटून डावीकडे उतरणारा, अगदी मे महिन्यात होता तसाच. मला हायसं वाटलं. "तुम्ही थांबा, मी पुढे बघते," म्हणून मी जोरात उतार घेतला. एका वळणानंतर रस्ता सरळ पाण्यात गेला.

गेला म्हणजे खरोखर गेला. चाकोऱ्या स्वच्छ दिसत होत्या, वीतभर पाण्याखाली, मग हातभर, मग निळं. ब्रेक दाबले तेव्हा खाली गाळ होता. सायकल आडवी झाली आणि मी तिच्याबरोबर. मला कोपरावर खरचटलं, एवढंच. पण मागचा गिअर ज्या छोट्या कडीला लटकतो ती कडी वाकली होती आणि गिअर चाकाच्या आऱ्यांत घुसून बसला होता. चाक जागचं हलेना.

बाई आणि साहेब चालत खाली आले. साहेबांनी आधी मला बघितलं, मग सायकल, मग पाणी.

"वहिनी," ते म्हणाले, "तुमच्या यादीत हे धरण आहे का हो?"

मी बाईंच्या गुडघ्याकडे बघितलं. मे महिन्यात बघून ऑक्टोबरसाठी लिहिलं होतं. धरण पावसाळ्यात भरतं, हे जिल्ह्यात पहिलीतल्या मुलाला ठाऊक असतं. मला नव्हतं असं नाही. ते सुचलंच नाही, एवढंच. मी रस्त्याची नोंद केली होती. नोंद केलेली वस्तू जागेवर असते, असं मी धरून चालले होते. प्रयोगशाळेत असते.

काठावर एक बाई दोन म्हशी राखत बसली होती. आमच्याच वयाची असेल. ती एवढा वेळ सगळं बघत होती.

"कुटं निघालात?"

"पलीकडे," मी म्हणाले. "उन्हाळ्यात इथून रस्ता होता."

"रस्ता हाय की. पन आता त्याच्यावर पानी हाय." तिने हातातली काठी पाण्याकडे केली. "आमची वावरं बी तितंच हायत. वाल पेरतो आमी. गाळात लई चांगला येतो."

"ती शेतं तुमची होती? दगडी बांध असलेली?"

"व्हय. तो बगळा बसलाय न्हाई का त्या फांदीवर? ते आंब्याचं वाळकं झाड. त्याच्या म्होरं दोन कासरं माझा बांध. त्याच्या अल्याड जावेचं वावर."

तिने दाखवलं तिथे नुसतं पाणी होतं, आभाळ पडलेलं. पाण्याच्या वर फांदीचं बोटभर टोक आणि त्यावर बगळा. मी रतनवाडीपासून शोधत होते ते झाड. तिची काठी मात्र पाण्यावरून सरळ रेष ओढत गेली, वळली, परत आली. तिने तिचं अख्खं शेत आम्हाला दाखवलं, कोपऱ्यांसकट. मी वहीत डोकं घालणारी बाई. पण त्या क्षणी मला त्या पाण्याच्या खाली बांध दिसला, चाकोऱ्या दिसल्या, वालाचे वेल दिसले आणि त्यांच्यावरून मासे जाताना दिसले.

"आणि पानी उतरतं कधी?" बाईंनी विचारलं. त्यांच्या तोंडी 'पानी' आलं हे त्यांना कळलं नसावं.

"दिवाळीनंतर सुरू व्हतं. मंग एकेक ढेकूळ वर येतं." ती उठली, म्हशीला हाकारलं आणि बाईंच्या पायांकडे बघितलं. "वरून जा. चढ लई हाय, पन पानी दिसतंय साऱ्या रस्त्यानं. सावकास जा आजी."

"आजी," साहेब हळूच म्हणाले.

"गप बसा," बाई म्हणाल्या.

सायकल आम्ही उचलून डांबरी रस्त्यावर आणली. फोनला रेंज नव्हती. वाट बघून कंटाळून हे मागे आले, तेव्हा अर्धा तास गेला होता. त्यांनी माझं कोपर बघितलं, मग सायकल बघितली.

"पैज मी जिंकलो वाटतं," ते म्हणाले.

साहेबांनी सायकल तपासली. गिअर काढून, साखळी आखूड करून, एकाच गिअरवर चालेल. पण त्याला सपाट जागा आणि पाऊण तास हवा होता. आणि उन्हात बाईंना पाऊण तास थांबवलं तर गुडघा आखडणार. "वर जाऊन करू," ते म्हणाले. मी बाईंकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. खाडीला वळसा घालून वर जाणारा रस्ता नजरेने मोजत होत्या.

"बस तू जीपमध्ये," त्या म्हणाल्या. "मी निघते." आणि निघाल्या.

म्हणजे जीपमध्ये बसले ती मी.

हे जीप त्यांच्या मागे चालण्याच्या वेगाने आणत होते. साहेब बाईंच्या पुढे, नेहमीपेक्षा सावकाश. खिडकीतून पाढे ऐकू येत होते. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. एकोणतीस चोक एकशे सोळा. डावीकडे झाडी विरळ झाली की खाडी दिसायची, प्रत्येक वळणाला आणखी खाली, आणखी रुंद. माझ्या मांडीवर कागद नव्हता. तो चिखलात भिजला होता. पुढे काय येणार हे मला माहीत नव्हतं, म्हणून जे येईल ते बघत होते. कारवीची जांभळी भिंत. कातळावरून अजून उतरणारी पाण्याची बारीक धार. खाली पाण्यावर वाऱ्याचा एक पट्टा काठापासून सुटून मधोमध गेला आणि तिथे विरला. इतक्या वर्षांत मी हे सगळं किती वेळा खुणा म्हणून ओलांडलं असेल.

पंचविसाच्या पाढ्यात आवाज थांबला. बाईंनी पाय टेकला होता.

ह्यांनी जीप थांबवली. इंजिन चालू ठेवलं. त्यांचा हात दाराच्या कडीवर गेला आणि मी तो धरला. बाई हँडलवर वाकून उभ्या होत्या. त्यांची पाठ वरखाली होताना दिसत होती. पुढच्या वळणावर साहेबही उतरून उभे राहिले, पण मागे आले नाहीत. मागचं दार उघडायला एक शब्द पुरला असता. तो मी बोलले नाही आणि त्याही बोलल्या नाहीत. त्यांनी बाटली काढली, दोन घोट घेतले, उरलेलं पाणी उजव्या गुडघ्यावर ओतलं. मग मान वळवून खाली बघितलं. पाणी आता दोन्ही डोंगरांच्या मधून थेट धरणाच्या भिंतीपर्यंत पसरलेलं दिसत होतं. उन्हात ते निळं राहिलं नव्हतं, पांढरं झालं होतं, आणि हलत होतं. किती वेळ बघत होत्या कोण जाणे. मग पाय उचलला.

"पंचवीस सक दीडशे," ऐकू आलं. सोडला होता तिथूनच.

एकोणिसाच्या पाढ्यावर चढ संपला.

वर सपाट जागेत साहेबांनी सायकल उलटी करून गिअर काढला आणि साखळी आखूड केली. राहिलेला रस्ता मी एकाच गिअरवर केला. मुतखेल, मग उतार, मग धरणाची भिंत. साडेतीन वाजता चौघंही कठड्याशी बसलो. ठरल्याप्रमाणे चहा मी पाजला.

"आता नियमाचं बोला," साहेब म्हणाले. "यादी काढा वहिनी."

मी वही काढली. डिसेंबरच्या पानावर तीन नावं होती. पेनाचं टोपण काढलं. आणि मग मला ते सांगावंसं वाटलं, म्हणून सांगितलं : तो कच्चा रस्ता मी बाईंसाठी घातला होता.

"ते मला खाली पाण्याशीच कळलं," बाई म्हणाल्या. "रस्ता पाण्यात गेलेला दिसला तेव्हा तू माझ्या गुडघ्याकडे बघितलंस." त्यांनी चहा संपवला. "मला विचारायचं होतंस."

"चुकलं."

"चुकलंच. दे इकडे." त्यांनी वही घेतली, चष्मा चढवला आणि माझ्या नावावर पेन धरलं. मला वाटलं आता रेघ मारणार. त्यांनी नावापुढे गोल काढला, नापास मुलाच्या पेपरावर त्या काढायच्या तसा, आणि त्यात चार आकडा लिहिला. "चार किलोमीटर राहिलेत तुझे. पेपर पुन्हा द्यायचा. तेवढ्याच भागाचा. डिसेंबरच्या आधी."

"आणि नाही दिला तर?" हे म्हणाले.

"तर आम्ही दोघं जाऊ. नियम हिचाच आहे."

त्याला आता तीन आठवडे झाले. गिअरच्या कड्या पुण्याहून आल्या, दोन आणल्या, एक बसवली, एक जास्तीची ठेवली. कोकणातल्या खोल्या ठरल्या. नवं मार्गपत्रक केलं. त्याच्या डोक्यावर महिना लिहिला. बाईंनी भोपाळच्या सामानाचे खोके बांधायला घेतले आहेत, सायकलचे हातमोजे मात्र बाहेर ठेवले आहेत, असं त्यांनी मुद्दाम फोन करून सांगितलं. एका रविवारी शाळेत प्रात्यक्षिकाची तयारी होती, एका रविवारी पाहुणे, एका रविवारी फराळ. कारणं खरी आहेत आणि मी ती वहीत लिहिली आहेत. मी एकोणतीसचा पाढा पाठ करते आहे. दिवाळी आता संपली. पाणी उतरायला लागलं असेल आणि वाळक्या झाडाची फांदी थोडी आणखी वर आली असेल.

डिसेंबरच्या पानावर आता एवढंच उरलं आहे : खाडीचा चढ, चार किलोमीटर. बाकी.